प्रकटीकरण उघडण्याआधी

सलाम बाळा. नुकताच वाचायला लागलास आणि थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात उडी मारलीस, डोकं गरगरणारच. आधी मत्तय २४ वाच, मग थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. त्यातलं ‘मेघारूढ’ होणं, म्हणजे प्रभू येताना विश्वासणाऱ्यांना ढगांत वर घेतलं जाणं, पौलाने लिहिलं ते मेलेल्यांसाठी शोक करणाऱ्यांना धीर द्यायला. आपल्याकडे त्याचीच भीती घालतात!

ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य येतं ते प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात. ख्रिस्त त्याआधी परत येणार, नंतर, की ते राज्य आत्ताच चालू आहे, यावर मंडळ्यांचं आजवर एकमत नाही. तूही घाई करू नकोस.

कुणी त्याच्या येण्याची तारीख सांगू लागला की मात्र वही मिटव. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, काहींनी उभं पीकही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. मी तरी काय, तरुणपणी गाड्यांच्या नंबरांत ६६६, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा, शोधायचो. पुढे कळलं, काही जुन्या हस्तलिखितांत तो आकडा ६१६ आहे.

रविवारी उपासनेनंतर थांब, दानीएलाचा सातवा अध्याय मिळून वाचू. खुणा करायला पेन्सिल आण, पेन नको.