दुपारच्या रक्तावर सकाळचा निकष
नमस्कार. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात दर आठवड्याला बदलणारी पाळी, पहाटे तीनला छातीत धडधडून येणारी जाग आणि दुपारी घेतलेल्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी ॲड्रिनल ग्रंथींतून येणारे संप्रेरक, कमी आल्यावर ‘तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत’ असे सांगून हाती ठेवलेली पावडर, ही आपली हकिकत मला फार ओळखीची आहे. ती पावडर चालू ठेवावी का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पुढील मजकूर अनुभवी रुग्णाचे मत म्हणूनच वाचावा.

माझ्या बाबतीत एका तपासणी केंद्राने ‘स्ट्रेस हार्मोन पॅकेज’ म्हणून जे केले, त्याची चीड अजून गेलेली नाही. नमुना दुपारी घेतला आणि अहवालात त्या आकड्याशेजारी सकाळी आठची मर्यादा छापली. रात्री झोपणाऱ्या माणसाचे कॉर्टिसोल जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला पोहोचते, त्यामुळे दुपारचा आकडा सकाळच्या मर्यादेपुढे कमीच दिसणार. मी केव्हा झोपतो, पाळी कोणती, हे तेथे कोणीही विचारले नाही. पावडर सुरू केल्यानंतरची दुसरी तपासणी मात्र सकाळी उपाशीपोटी करायला लावली, आकडा साहजिकच वर गेला आणि ‘सुधारणा’ दाखवून पुढचे पॅकेज गळ्यात मारले. ‘ॲड्रिनल थकवा’ हे निदान अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मानतच नाहीत, हे मला फार उशिरा कळले.

खरी कमतरता असते. तिला ॲडिसनचा आजार म्हणतात, आणि वजन घटणे, त्वचा काळवंडणे, उभे राहताच भोवळ येणे ही तिची लक्षणे आहेत. उलट बाजूला कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोल अति होण्याचा आजार. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि त्या एंडोक्रायनॉलॉजिस्टने, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञानेच ठरवाव्यात. ती पावडर मात्र त्यांना दाखवाच. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि तसे असेल तर मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे ठरते. पावडरीत अश्वगंधा असली, तर ती निरुपद्रवी असते हा समजही सोडावा. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आता मुळाकडे. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरी मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना संदेश देते. कॉर्टिसोल पुरेसे झाले की तेच वरचा संदेश थांबवते. सततच्या ताणात ही साखळी बहुधा बिघडलेली नसते, तिला थांबण्याची सवड मिळत नसते. माझ्या बाबतीत जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी घरात आले, दुरुस्तीसाठी कर्ज काढले आणि हप्ता भागावा म्हणून भत्त्याच्या रात्रपाळ्या मागून घेतल्या. यातील काहीही रक्ताच्या अहवालात उमटणारे नव्हते. बँकेकडून मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतल्यावर आणि पाळ्यांचा क्रम बदलून घेतल्यावर मला झोप लागू लागली. हे सर्वांना जमेल असा माझा दावा नाही. तरीही पाळी फिरतीच राहणार असेल, तर पहिली, दुसरी, तिसरी असा पुढे सरकणारा क्रम मागावा; उलट क्रम शरीराला अधिक जड जातो. रात्रपाळीत पहाटेचा चहा टाळावा, कारण त्यातील कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि आपली झोपायची वेळ तोवर येऊन ठेपते. घरातल्यांना दारावरची बेल बंद ठेवायला सांगणे हाही उपचारच आहे, असे मी मानतो.

धडधडीसाठी ईसीजी आणि थायरॉइड आधी तपासून घ्या. सगळे ताणावर ढकलू नये. मन फारच खचले असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तज्ज्ञांकडे जाताना मागच्या काही आठवड्यांच्या पाळ्या, झोपेच्या वेळा, नमुना घेतल्याची वेळ, तसेच दम्याचा पंप किंवा त्वचेचे मलम वापरत असल्यास (त्यांतही स्टेरॉइड असू शकते) त्यांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत.