ब्रँडेड कपडे घेणं बंद केलं तर ते शिवणाऱ्या कामगारांचं भलं होईल का?

नाही, एकट्याने गुपचूप बंद केलंत तर अजिबात नाही. मी मुंबईत एका बाइंग हाउसमध्ये (परदेशी ब्रँडसाठी फॅक्टऱ्यांकडून कपडे बनवून घेणारी कंपनी) मर्चंडायझर होतो, म्हणजे ऑर्डर आणि भाव बघायचो, ऑर्डर कमी झाली की पहिल्या घरी बसतात त्या लाइनवरच्या बायका, ब्रँडचं काहीच जात नाही. बांगलादेशातल्या युनियनवाले पण सहसा बॉयकॉट करा म्हणत नाहीत, ब्रँडला सही करायला लावा म्हणतात.

सही कशावर, तर अकॉर्डवर, म्हणजे फॅक्टऱ्यांच्या आग आणि इमारत सुरक्षेसाठी ब्रँड आणि युनियन यांच्यात झालेल्या करारावर. तो झाला कशामुळे, तर २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला कपड्यांच्या फॅक्टऱ्या असलेली राणा प्लाझा बिल्डिंग कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली. आदल्या दिवशीच भेगा दिसल्या होत्या, त्याच बिल्डिंगमधल्या बँकेने आपला स्टाफ घरी पाठवला आणि गारमेंटवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. ब्रँडसाठी फॅक्टऱ्यांचं ऑडिट होतं ना मग, असं कोणी म्हणेल, तर कराचीच्या अली एंटरप्रायझेसला २०१२ मध्ये एसए ८००० (कामगारांना नीट वागवतात असं सांगणारं) सर्टिफिकेट मिळालं आणि काही आठवड्यांत तिथे आग लागून २५० हून जास्त कामगार मेले. ऑडिटचा दिवस आधी कळला की काय काय रंगरंगोटी होते ते मी बघितलंय, असो.

अकॉर्ड वेगळा कारण तो कोर्टात टिकणारा करार आहे, त्यात युनियन बरोबरीने सही करतात, तपासणीचे रिपोर्ट जाहीर होतात आणि फॅक्टरीने दुरुस्ती केली नाही तर ब्रँडला तिथलं काम थांबवावं लागतं. सही करून टाळाटाळ केली तर लवादात खेचता येतं, २०१८ मध्ये एका ब्रँडला असे २३ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे तामिळनाडूत दिंडीगुलला एका दलित कामगार मुलीच्या खुनानंतर बायकांच्या युनियनने २०२२ मध्ये असाच करार करून घेतला, त्यावर एचअँडएमनेही सही केली.

आपल्यासारख्या लोकांनी मागणीच्या अर्जावर सह्या करून काय होतं म्हणाल तर बेनेटन या इटालियन ब्रँडने राणा प्लाझाच्या भरपाई फंडात पैसे टाकले ते २०१५ मध्ये, दहा लाखांवर सह्या झाल्यावर.

पगाराचं मात्र रडगाणं तसंच आहे. २०२३ मध्ये बांगलादेशी कामगार महिना २३,००० टका मागत होते, मिळाले १२,५००, आंदोलनात माणसं मेली ती वेगळीच. फॅक्टरीवाला पगार कुठून वाढवणार, बायर म्हणजे ब्रँड दरवर्षी तोच टीशर्ट अजून काही सेंट स्वस्तात मागतो, ती घासाघीस करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे सगळा दोष तिथल्या मालकावर ढकलणं मला पटत नाही (मालक काही संत नसतात हेही खरं).

तुम्ही करायचंच असेल तर ज्या ब्रँडचे कपडे घेता त्याला सगळ्यांना दिसेल असं विचारा. ‘कामगारांची काळजी घेता का’ असं नको, त्यावर गुळगुळीत उत्तर तयारच असतं. अकॉर्डसारखाच करार पाकिस्तानसाठीही आहे, त्यावर सही केलीय का, फॅक्टऱ्यांची यादी कुठे टाकलीय, असं हो किंवा नाही म्हणावं लागेल असं विचारा.