टोचलं तर घालायचं नाही

प्रिय पोरी,

कॅन्सरच्या ऑपरेशनात तुझा एक स्तन काढला, आणि परवा फुले मार्केटातून आणलेल्या दोन ब्रा पलंगावर टाकून तू रडलीस. "मावशी, माझा साइज तरी कुठला राहिला आता?" तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

त्यातली तारवाली, फोमची परत करून ये. दुकानदार घेत नसेल तर पैसे गेले समज. बहिणीच्या लग्नात दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तुला ती हवीय, कळतं मला. पण टोचलं तर घालायचं नाही.

मी घातली होती. माझ्याही कॅन्सरची किरणं, म्हणजे रेडिएशन, संपून महिनाही झाला नव्हता. धुळ्यात भाचीची हळद, मे महिना, पारा ४४ वर. रात्री काढायला गेले तर व्रणाखालची कातडी पट्ट्याबरोबर निघाली. फोटोत मी ताठ उभी दिसते ती त्या दुखण्यानं; वाकताच येत नव्हतं.

तुझा हात अजून कानापर्यंत जात नाही, मग मागच्या हुकांशी झटापट कशाला? पुढून हुक असलेली घे. सुती, आतून शिवण न लागणारी, पट्टे रुंद. काखेतल्या गाठी काढल्यात ना तुझ्या? त्या बाजूला पट्टा रुतू द्यायचा नाही, हाताला सूज धरायची भीती असते. संध्याकाळी वळ दिसला की मोठा साइज. ३४ होता म्हणून ३४च, हा कसला हट्ट? टेप घे, नव्यानं माप घे.

रिकाम्या बाजूला ठेवायला सध्या मलमलच्या पिशवीत पिंजलेला कापूस भर. आपल्याकडे कापसाला काय तोटा! हलका असल्यानं तो वर सरकतो, म्हणून आतून दोन टाके घाल. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं की. एक बाजू रिकामी राहिली तर मान-पाठ धरते, त्यासाठी ते वजन, लोकांसाठी नव्हे.

मी पुढे वर्षभर घरात ब्रा घातलीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "लोके काय म्हनतीन?" मला निर्लज्ज ठरवलं. निर्लज्ज नव्हते गं मी! सोललेली कातडी माझी होती, त्यांची नव्हती. आजही तेच करीन. टोचलं तर घालायचं नाही, लग्न असो की तेरावं.

रविवारी ये. जुनी मऊ ओढणी आण, दुसऱ्या ब्राला आतून खिसा शिवून देते.

तुझी मावशी