बॅनर सागा: लहान ड्रेज आधी मारणं थांबवा

‘बॅनर सागा’ या टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायच्या) लढाईच्या गेमबद्दलची तुमची पोस्ट वाचली. निम्मा संघ जखमी, रिनाउन (लढून मिळणारी, खर्चायची कीर्ती) संपलेला, आणि प्रत्येक लढाईच्या शेवटी दोन-तीन धिप्पाड ड्रेज (दगडी चिलखतवाले शत्रू) उरतात नि तेच सगळ्यांना आडवं करतात. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. तुम्ही लिहिलंय, ‘आधी लहान ड्रेज पटापट संपवतो, मग मोठ्यांकडे वळतो.’ गाडी तिथेच अडलीय. बाकीच्या तक्रारी त्यातूनच आल्यात.

इतर टर्न-बेस्ड गेममध्ये शत्रूची डोकी कमी केली की त्यांचे टर्नही कमी होतात. इथे तसं नाही. इथे एक टर्न तुमचा, एक त्यांचा, मग त्यांच्यात कितीही जण उरलेले असोत. सहा विरुद्ध सहा असताना तुमचे सहा जण एकेकदा खेळतात तेवढ्यात प्रत्येक ड्रेजही एकदाच खेळतो. तीन लहान मारलेत की उरलेले तीन मोठे त्याच वेळात दोन-दोनदा खेळतात. म्हणजे सर्वात वाईट शत्रूंना तुम्हीच जादा टर्न वाटताय!

म्हणून मारू नका, अधू करा. स्ट्रेंथ हाच जीव आणि हाच वार, त्यामुळे स्ट्रेंथ २ वर आलेला ड्रेज जिवंत ठेवणं फायद्याचं. त्याचा टर्न येतो, तो तुमच्या माणसाच्या आर्मरवर (चिलखतावर) आपटतो, बऱ्याचदा हुकतो, लागला तरी १. तो टर्न मोठ्या ड्रेजच्या वाट्याला गेला असता. एक सावधगिरी मात्र: आर्मर फोडण्याचा आकडा वेगळा असतो, स्ट्रेंथ घटली तरी तो घटत नाही. त्यामुळे असे अर्धमेले ड्रेज तिरंदाजांजवळ ठेवू नका, ढालवाल्या वार्लशी (तुमच्या संघातला शिंगवाला महाकाय योद्धा) झुंजत ठेवा. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. स्ट्रेंथ २ उरलेला तुमचा माणूस मागे लपवू नका, आर्मर फोडायला तो अजून तितकाच कामाचा आहे.

आता मोठ्याला अधू कसं करायचं? समजा तुमची स्ट्रेंथ १२, त्याचं आर्मर १०, स्ट्रेंथ १३. सरळ मारलंत तर १२ वजा १०, म्हणजे २ चं नुकसान. तीन वारांत तो ७ वर. त्याऐवजी पहिल्या टर्नला ब्रेक (आर्मर फोडण्याचा आकडा) ३ आणि वर विलपॉवर (वार वाढवायला खर्चायचे गुण) १ टाकून आर्मर ६ वर आणा. पुढचे दोन वार ६-६ चे, तो १ वर. तीनच टर्न, पण आता त्याच्या वारात दम उरत नाही. शत्रूचं आर्मर मुळातच कमी असेल तर मात्र फोडत बसू नका, थेट स्ट्रेंथवर घाव घाला. आर्मर उडालेल्यांवर तिरंदाज सोडा आणि त्या टर्नला त्यांना जागेवरून हलवू नका. न हलता मारलेला बाण अशा शत्रूला जास्त लागतो.

सगळे २-३ स्ट्रेंथवर आले की मग लागोपाठ उचला. शेवटचा एक उरला की पिलेज सुरू होतं, म्हणजे एकाआड एक टर्नचा नियम सुटतो, तुमचे सगळे खेळल्याशिवाय त्याचा नंबर येत नाही. शेवटचा घाव कुणी घालायचा हेही आधी ठरवा, कारण बढतीला (पात्राची पातळी वाढवायला) रिनाउनसोबत त्या पात्राच्या नावावर किल लागतात. विलपॉवर साठवून ठेवणारे बरेच दिसतात, कशासाठी ते देव जाणे. मला तरी पहिल्या दोन-तीन टर्नमध्येच ती उधळणं पटतं. शिंग फुंकून थोडी परत मिळतेच.

रिनाउनबद्दल माझं मत थोडं कठोर आहे, पटलं नाही तर सोडून द्या. बाजारातल्या वस्तू शेवटी. आधी ठरलेल्या सहा-सात जणांच्या बढत्या, मग रसद. रसद संपली म्हणून गेम संपत नाही. तुमच्या ताफ्यातली माणसं जातात, मनोबल पडतं, आणि लढाईत विलपॉवर कमी मिळते. मनाला लागतं, ते गेमने मुद्दाम तसं केलंय. जखमी चार-पाच जण असतील तर एक-दोन दिवस तळ ठोका. रसद खर्च होईल, पण कमी स्ट्रेंथने लढाईत उतरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हे सगळं नॉर्मल काठिण्यपातळीचं बोलतोय. कथेसाठीच खेळत असाल तर ईझीवर न्या, मध्येच बदलता येतं, जखमांची कटकट जाते आणि प्रसंग तेच राहतात. त्यात कमीपणा काही नाही. शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण इंटरनेटवर ‘बरोबर पर्याय’ शोधत बसू नका. काही माणसं जाणारच आहेत.

जाता जाता: २०१६ चा दुसरा भाग आणि २०१८ चा तिसरा खेळणार असाल तर तिन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर घ्या. सेव्ह पुढच्या भागात नेता येते, पात्रांच्या पातळ्या आणि तुमचे निर्णय सोबत येतात. पण कॉम्प्युटरवरची सेव्ह कन्सोलवर न्यायची म्हटलं की गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या मदतकक्षाशी गाठ. एका मोठ्या दुकानाकडून (नाव घेत नाही) उत्तर काय, तर ‘गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करा’. अहो, सेव्ह वाचवायचीय, गेम नाही! त्यांच्या नादी न लागता, पहिला भाग संपला की सेव्हचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि मगच अनइन्स्टॉलला हात लावा.