मार्केटिंगला वेळच मिळत नाही!

पार्लरवाल्या ताई असोत, क्लास घेणारे सर असोत की फॅब्रिकेशनवाले, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत सल्ल्याला येऊन सगळे एकच सांगतात, "मॅडम, काम चोख करतो, पण मार्केटिंगला वेळच मिळत नाही." वेळेचं गाऱ्हाणं मी ऐकून घेते, पण त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. त्यामागे बहुतेकदा दुसरंच काहीतरी असतं.

एसी दुरुस्तीवाल्या या दादांचंच बघा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). उद्यमनगरात छोटा गाळा, हाताखाली एक पोरगा. मार्च ते मे जेवायला फुरसत नाही, पाऊस लागला की फोन गप्प. मग घाबरून रात्री जागून रील करायचे, बॅनर छापायचे, आणि आठवड्यात दम संपायचा.

"जुन्या गिऱ्हाइकांना फोन करता?"

"न्हाई ओ. काम द्या म्हणून हात पसरल्यागत वाटतंय. दिवाळीला ब्रॉडकास्टवर सगळ्यास्नी मेसेज टाकला, चार-दोघं सोडली तर कुणी उत्तर दिलं न्हाई. लोकांना आपली गरजच न्हाई."

"त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे?"

"सेव्ह कशाला? एसीवर स्टिकर लावतोय की मी नंबराचा..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे, त्यालाच व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट पोहोचतो. म्हणजे बहुतेकांपर्यंत निरोप गेलाच नव्हता आणि दादा मात्र नकार मिळाला म्हणून कुढत बसले होते. मी काहीच बोलले नाही. जरा वेळानं तेच हसले, "म्हंजे लोकांच्या मनातलं मीच ठरवलं व्हय?"

हेच मी सांगितलं असतं, तर मान डोलावून निघून गेले असते. गप्प कधी बसायचं, हे आता मला बरं कळतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी. मुलींशी बोलायची भीती घालवायला 19 व्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन अनोळखी बायकांशी बोलत सुटले होते. नकार भरपूर मिळाले, पण आभाळ काही कोसळलं नाही. दादांना हा किस्सा भलताच आवडला.

मग आम्ही रोजचा रिवाज ठरवला. सकाळी चहा झाला की वीस मिनिटं, वहीतली पाच जुनी नावं. "काम आहे का?" असं विचारायचंच नाही. "मागच्या जूनमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं, आता फिल्टर साफ करायला झालाय," एवढंच सांगायचं. फिल्टर धुळीनं तुंबला की वीजबिल वाढतं. ती आठवण करून देणं म्हणजे हात पसरणं कसं? काम संपलं की दारातच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह करून घ्यायचा, गुगल रिव्ह्यूची लिंक तिथल्या तिथं पाठवायची. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट मात्र द्यायची नाही, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

वहीत लिहायचं ते फोन किती केले, एवढंच. कामं किती आली, ते नाही. समोरच्यानं हो म्हणणं आपल्या हातात नसतं. त्यावर दिवसाचं यश मोजलं की चौथ्या दिवशी वही बंद पडते. सीझनला पाचाचे दोन फोन झाले तरी चालतील, पण सुट्टी नाही. हे मी पार्लरवाल्या ताईंनाही सांगते, क्लासवाल्या सरांनाही.

"आणि रील?" दादांनी जाता जाता विचारलंच.

"करा की. पाच फोन झाल्यावर."