सांध्यांचे प्रकार: पुस्तक बरोबर की सर?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी अकरावीत आहे, बायोलॉजी घेतलंय. एनसीईआरटीच्या पुस्तकात सांधे तीन प्रकारचे दिलेत, तंतुमय, कूर्चेचे आणि सायनोव्हियल. कोचिंगचे सर शिकवतात न हलणारे, थोडे हलणारे आणि मोकळे हलणारे. ती म्हणते एकच गोष्ट आहे, फक्त नावं वेगळी. खरंय का? पेपरात काय लिहायचं?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, पुस्तकही बरोबर आणि सरही बरोबर, पण एकच गोष्ट नाहीये हो. पुस्तक बघतं की दोन हाडांच्या मधे आहे काय, आणि सर बघतात की सांधा हलतो किती. बऱ्याच ठिकाणी हे जुळतं म्हणून मुलांचा घोळ होतो. कवटीच्या शिवणींमधे तंतू, मोठेपणी हलत नाहीत. मणक्यांमधे कूर्चेची, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचीक भागाची डिस्क, थोडं हलतं. खांद्यात हाडांमधे पोकळी आणि त्यात वंगणाचं काम करणारा द्रव, हाच सायनोव्हियल, म्हणून हात चौफेर फिरतो.

पण गंमत पुढे आहे. घोट्याच्या जरा वर पायाची दोन हाडं तंतूंनीच बांधलेली असतात तरी किंचित हलतात. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची पट्टी असते, तीही सांध्यातच मोजतात, ती हलत अजिबात नाही आणि वाढ संपली की तिचं हाडच होऊन जातं. आणि कंबरेमागचा सॅक्रोइलियाक सांधा सायनोव्हियल, म्हणजे यादीप्रमाणे मोकळा हलायला हवा, पण हलतो अगदी नावापुरता! म्हणून दोन्ही याद्या वेगवेगळ्याच लक्षात ठेवायला सांगा.

सायनोव्हियलचे पोटप्रकार एनसीईआरटीत पाच आहेत: उखळीचा, बिजागरीचा, खुंटीचा, सरकता आणि अंगठ्याच्या मुळाशी असतो तो खोगिरी. काही पुस्तकं सहावा धरतात, मनगटाचा, जे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वाकतं पण स्वतःभोवती फिरत नाही. मग तळहात पालथा होतो कसा? तर ते काम मुख्यतः कोपराकडून होतं. मुलीला कोपर टेबलावर टेकवून हात आधी दुमडायला सांगा, ही झाली बिजागरी, दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड. आता कोपर तसंच ठेवून तळहात उलटा-सुलटा करायला सांगा, तर अंगठ्याच्या बाजूचं हाड शेजारच्या हाडाशी फिरतं, तो खुंटीचा. एकाच आवरणात दोन प्रकार, मला तर शिकवताना हे दरवेळी दाखवावंसं वाटतं, पाठ करण्यापेक्षा लवकर डोक्यात बसतं.

पेपरात "रचनेनुसार" म्हटलं असेल तर पुस्तकातले तीन, "हालचालीनुसार" असेल तर सरांचे तीन. नुसतं "प्रकार लिहा" असेल तर पुस्तकातलेच लिहू दे, आणि प्रत्येकाला एक उदाहरण नक्की.