आधी नेट-सेट, मग मुलांची उंची

एमपीएडला (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा, एवढं आधी पदरात पाडून घ्या. महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचंय? मग तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर धावायचंय, महिलेला ८ मिनिटांत १०००. वाचनाच्या नादात धावणं सोडू नका.

पीएचडीच्या अभ्यासाला शाळकरी मुलं घेतलीत तर पालकांची लेखी संमती घेऊन मोजमाप नोव्हेंबर-जानेवारीत उरका. नागपूरच्या एप्रिलात शटल रन (दोन रेषांमधली ये-जा धाव) घेतली की आकडे उन्हाचे येतात, दमसासाचे नाही. उंचीला बूट काढा, टाचा भिंतीला, नजर सरळ, दोनदा मोजा. अंबाडा सोडायला लावा, नाहीतर उंची फुकटात वाढते! बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन) मोठ्यांचा २५ चा आकडा लावू नका. वय महिन्यांत काढून मुला-मुलींचे वेगळे तक्ते बघा.